तूप पांढरं होईपर्यंत

“नेमकं आजच! आता तूप कोण फेसणार, अव्वा?”

काकू स्वयंपाकघरात बोलत होती आणि मी शेजारच्या न्हाणीत होते. “तिचा आजा फेसंल की,” अव्वा म्हणाली. अव्वा म्हणजे माझी आजी. “ती जन्मायच्या आधी कोण फेसत होतं?” “अप्पांचा खांदा कुठं उठतोय आता? कंगवा फिरवता येईना त्यांना.” “मग तू फेस.” यावर झाकणी ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. बादली भरून वाहायला लागली होती, तरी मी नळ बंद केला नाही. मला काही ऐकू गेलं नाही असं दोघींना वाटलेलं बरं. खरं तर बातमी मीच दिली होती. सकाळी उठल्या उठल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाले होते, “काकू, आज मी...” तेवढ्यावर काकूने हातातली वाटी खाली ठेवली आणि मान हलवली. त्या घरात ते वाक्य कधी कुणी पूर्ण केलेलं मी ऐकलं नाही.

दिवस बिस्किटांचा होता. दिवाळीच्या आधी एक सकाळ आमच्या घरचं तूप, पिठीसाखर, मैदा, रवा आणि बेसन असं सगळं सामान रिक्षात घालून भट्टीवर जायचं, तिथेच परातीत मळायचं, तिथेच पत्र्यांवर बिस्किटं मांडायची आणि भट्टीवाल्याने ती भाजून द्यायची, ही लातूरची जुनी रीत. पुस्तकात त्यांना नानकटाई म्हणतात, आमच्याकडे नुसती बिस्किटं. चकल्या, लाडू, चिवडा हे सगळं घरातल्या बायकांचं, पण बिस्किटं अप्पांची, म्हणजे माझ्या आजोबांची. अव्वा लग्न होऊन आली तेव्हा बायकांनी बाजारात भट्टीवर जाऊन बसायची पद्धत नव्हती. तिच्या माहेरचं तूप अप्पा घेऊन जायचे आणि तिथल्या बाकीच्या पुरुषांमध्ये बसून फेसायला शिकले. पुढे बायका जायला लागल्या, पुरुष यायचे थांबले, अप्पा मात्र जातच राहिले. मला कळायला लागलं तेव्हा भट्टीच्या अंगणात बायकांच्या घोळक्यात पांढऱ्या टोपीचे ते एकटेच असायचे, आणि त्यांच्या समोर परातीच्या दुसऱ्या कडेला मी.

तूप फेसायचं म्हणजे नुसतं ढवळायचं नाही. आधी ते पिवळं, दाणेदार असतं. तळहाताचा मनगटाकडचा भाग परातीला टेकवून एकाच दिशेने गोल फिरवत राहायचं. दाणे मोडतात, मग तूप ओलं ओलं चकाकतं आणि आता हे वितळणार असं वाटतं. तिथे घाबरून हात थांबवला तर कामातून गेलं. फिरवत राहिलं की ते हळूहळू पांढरं पडतं, फुगतं, आणि परातीचा आवाज बदलतो. आधी खरखर असते, मग ती बसत जाते, शेवटी नुसता हाताचा आवाज राहतो. वाटीभर पाण्यात थेंब टाकून बघायचा, तो तरंगला की साखर घालायची. अप्पा उजव्या हाताने फिरवायचे, मी डाव्या. मी डावखुरी. शाळेत बाईंनी पट्टी मारून सोडवू पाहिलेला हात तिथे बरोबर कामाला आला, कारण समोरासमोर बसलं की आमचे दोन हात एकमेकांना आडवे न येता एकामागून एक फिरायचे. बोलायचं काही नसायचं. मला बोलायला आवडत नसे आणि अप्पांना बोलायला लागत नसे, म्हणून आमची जोडी जमली होती.

मी नांदेडची. लहानपणी लातूरला फक्त सुट्टीत यायचे. अकरावी-बारावीच्या क्लाससाठी मात्र आई-वडिलांनी मला दोन वर्षं अप्पांकडे ठेवलं. बाजारातल्या गोलाईजवळ काकांचं किराणा दुकान, त्याच्यावर घर. सकाळी दुकानाचं शटर वर जायचं तोच माझा गजर. मग क्लासला निघालेल्या मुलांच्या गाड्या, हमालांच्या हाका, आणि स्वयंपाकघरात अव्वा भाकरी थापायची तो थप थप आवाज. तिच्या हातची येसर आमटी मी आजही तशी करू शकत नाही. मी त्या घरावर रागावून लिहिते आहे असं कुणी समजू नये. त्या घरात मला कुणी एक चापट मारली नाही, ताट वाढताना माझ्या भाकरीवर तूप कमी पडलं नाही. फक्त दर महिन्याला काही दिवस ते ताट मला जिन्याखाली मिळायचं. तिथे एक चटई होती, एक वेगळा पेला होता. पाण्याचा माठ आणि मी यांच्यामध्ये सगळं घर असायचं. चिनू, काकूची धाकटी मुलगी, चौथीतली, मला पाणी आणून द्यायची आणि पेल्यात वरून ओतायची, ओतताना माझ्या हाताला लागू नये म्हणून जीभ बाहेर काढून नेम धरायची. तिला तो खेळ वाटायचा.

नांदेडला आमच्या घरी हे नव्हतं. आई नोकरी करणारी, तिला सवडच नव्हती. आणि माझ्या इंग्रजी शाळेत तर या विषयावर एक बाई येऊन पडद्यावर चित्रं दाखवून गेल्या होत्या. इंग्रजीत मला सगळं यायचं. क्लासमध्ये सरांनी फळ्यावर दर महिन्याच्या त्या चक्राचा आलेख काढला, कुठलं संप्रेरक कोणत्या दिवशी वर जातं हे विचारलं, तेव्हा उत्तर मी दिलं होतं, मुलांनी भरलेल्या वर्गात, मान खाली घालून का होईना. त्याच दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर मी चटईवर बसून भाकरी खाल्ली. दोन्ही गोष्टी मी केल्या आणि दोन्हीत गप्प मुलगी म्हणून माझं कौतुक झालं. अव्वा शेजारणीला सांगायची, “इंग्लिश शाळेतली हाय, पण एका शब्दानं उलटून बोलत न्हाई.” हे वाक्य मला त्या चटईपेक्षा जास्त टोचायचं, आणि तरीही मी उलटून बोलायचे नाही.

आम्ही लिंगायत. अप्पा रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन बसत. माझ्याही गळ्यात लहानपणापासून तसंच लिंग होतं, शर्टाच्या आत, चांदीच्या डबीत. ते कधीही काढायचं नाही असं मला शिकवलेलं होतं, आणि चटईवर बसायच्या दिवसांतही ते काढ असं कुणी म्हणालं नव्हतं. या गोष्टीवर माझं लक्ष एकदा गेलं आणि मग हटेना. ज्याची घरात पूजा होते तो देव माझ्या छातीला लागून झोपत होता. माझा विटाळ त्याला होत नव्हता, माठाला होत होता. लोणच्याच्या बरणीला होत होता. पहिल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी गच्चीवर अप्पा शेंगा निवडत होते. मी त्यांच्यापासून लांब, कठड्याला टेकून. मी विचारलं, “अप्पा, आपल्यात विटाळ असतो का?”

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे बघितले, आणि म्हणाले, “आपल्यात न्हाई. घरात हाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे शरणांनी, आपल्या संतांनी, सांगून ठेवलंय की ज्याच्या अंगावर लिंग हाय त्याला कसलं सुतक न्हाई. जन्माचं न्हाई, मरणाचं न्हाई, बाईचंबी न्हाई. पण शेजारपाजार बगून बगून घरात शिरलं. आता निगंना.”

“मग तुम्ही का सांगत नाही अव्वाला?”

त्यांनी टरफलं बाजूला सारली. मग म्हणाले, “तुझी अव्वा नवी आली तवा माझी आई तिला उसंत देत नव्हती. दळण, पाणी, जनावरं. महिन्यातले तेवढे दिवस ती बाजूला बसायची, कुणी काम सांगायचं न्हाई. तेवढाच आराम भेटायचा तिला. मी शहाणपणा करून बोललो असतो, तर ते दिवसबी गेले असते.”

हे खरं होतं, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. अव्वाला त्या दिवसांत काही तरी मिळत होतं. माझं फक्त जात होतं. मी म्हणाले, “मला आराम नकोय अप्पा.” ते हसले, माझ्याकडे दोन शेंगा फेकल्या, आणि विषय तिथे संपला. त्यांच्या दृष्टीने संपला.

लोक मला विचारतात की पुढे काय झालं. मी ही गोष्ट कुणाला सांगितली की पहिला प्रश्न तोच असतो. तर अव्वाने बारावीच्या वर्षीच्या त्या दिवाळीत बिस्किटाला हात लावला नाही, आणि माझ्याशी तुळशीच्या लग्नापर्यंत मोजकंच बोलली. काकांनी खाल्ली. काकूने खाल्ली, पण कुणी बघत नसताना. मला डॉक्टर व्हायचं होतं, ते झालं नाही, आणि त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही, जरी अव्वाला तसा संबंध लावायचा मोह झाला होता. आता माझ्या घरी विजेवरची छोटी भट्टी आहे आणि तूप मी हातानेच फेसते. हे सगळं इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे फक्त त्या सकाळचं लिहिता येईल.

त्या सकाळी मला घरी ठेवायचं की न्यायचं यावर चर्चा झाली. काकू म्हणाली, घरी ठेवली तर दिवसभर मोबाइल बघत बसेल. अव्वा म्हणाली, “येऊ दे. चपलापाशी बसंल, पिशव्या राखंल.” आणि एरवी गुडघ्यामुळे जिना न उतरणारी अव्वा त्या दिवशी स्वतः आली. माझ्यावर नजर ठेवायला आली होती हे मला कळत होतं. दोन रिक्षा केल्या. एकीत सामान, अप्पा आणि चिनू. दुसरीत आम्ही तिघी, मी कडेला, मध्ये काकूची पर्स.

भट्टी एका बोळात, मोठ्या अंगणाच्या टोकाला. भट्टीवाल्यांना सगळे मामू म्हणायचे. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ते पत्रे आत सरकवायचे, आतून काढलेले दणादण जमिनीवर ठेवायचे आणि ज्याचा माल असेल त्याच्या नावाने ओरडायचे. अंगणभर पोती अंथरलेली, पोत्यांवर पराती, परातींभोवती बायका. विलायची, तूप आणि जळक्या लाकडाचा एकत्र वास. सणाच्या आधीचा घरच्या मालाचा शेवटचा दिवस होता तो. दुपारनंतर मामू भट्टीत स्वतःचा माल लावणार होते, म्हणजे नंबर चुकला की त्या दिवाळीला बिस्किटं नाहीत. अप्पांची अशी दिवाळी कधी गेली नव्हती.

मी दारातल्या पायरीवर चपलांच्या ढिगाशेजारी बसले. अप्पांनी परात पुढ्यात ओढली. शेजारच्या पोत्यावरच्या एक बाई दरवर्षी तिथेच बसायच्या. त्या म्हणाल्या, “काय अप्पा, आज जोडीदारीण कुठं गेली?” काकूने त्यांच्याकडे झुकून हळूच सांगितलं. बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. “अगं बाई, सणाच्या तोंडावर!” त्या म्हणाल्या, जणू मी पेपरला उशिरा पोचले होते.

अप्पांचा हात फिरायला लागला. चार-दोन वळणं बरी गेली. मग खांदा अडला, कोपर बाहेर पडायला लागलं, आणि हात गोल फिरायच्या ऐवजी पुढे-मागे जायला लागला. तूप दाणेदारच राहिलं. मला पायरीवरून परातीचा आवाज ऐकू येत होता. खरखर, खरखर. काकूने बांगड्या वर सारून प्रयत्न केला. तिचा हात गरम आणि घाईचा, तूप वितळायला लागलं. अप्पा म्हणाले, “सोड, सोड. पाणी होईल त्याचं.” मग चिनूला समोर बसवलं. तिने दोन्ही हात कोपरापर्यंत भरून घेतले, नाकालाही लावलं, आणि खूश झाली.

मामू येऊन बघून गेले. “अप्पा, तुम्हारा नंबर अब्बी आताय. लाओ, मशीन में घुमा देतूं. दो मिनट का काम हाय.”

“त्या मशिनीत अंडं फिरतंय,” अव्वा खुर्चीवरून म्हणाली. “आमाला न्हाई चालायचं, मामू.”

“फिर हात च चलाओ, मावशी. मैं क्या बोलूं,” असं म्हणून मामू पुढच्या परातीकडे गेले आणि त्यांनी आमच्या नंतरच्या बाईंना तयार राहायला सांगितलं.

एवढ्यात चिनूने विचारलं, “मम्मी, दीदी का नाही फेसत? तिला तर येतंय.”

“तिला कावळा शिवलाय,” काकू म्हणाली.

चिनू उठली. भरलेले हात अंगापासून लांब धरून माझ्यापर्यंत आली. आधी वर आभाळाकडे बघितलं, मग माझ्या खांद्याकडे, मग मागे जाऊन पाठीकडे. “कुठं शिवला? टोचलं का गं?” शेजारच्या बाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. पोत्यापोत्यांवरून हसू पुढे गेलं. मीही खाली बघून हसल्यासारखं केलं, जसं मी नेहमी करायचे.

“मम्मी, मला पण शिवणार का?”

“शिवंल की. मोठी झालीस की शिवंल.”

चिनूने चपलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावरची गंमत गेली. “मग मी पण इथं बसायचं? अप्पांसोबत नाही?”

“हां, मग! ये इकडं, हात चालव,” काकू म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं नाही. एखादी गोष्ट ठरलेलीच असते तशा आवाजात म्हटलं, आणि चिनूनेही मान हलवली. ठीक आहे, अशी. चौथीतली मुलगी, नाकाला तूप लागलेलं, आणि तिने चपलांच्या ढिगाशेजारची आपली जागा एका मान हलवण्यात कबूल करून टाकली. मी किती सहज कबूल केली होती ते मला तिच्या मानेकडे बघून कळलं.

मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हात परातीत थांबला होता. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अव्वाच्या खुर्चीकडे, आणि मग ते तुपाकडे बघायला लागले. त्या घरात खरं काय ते माहीत असलेला तो एकच माणूस होता, आणि मी त्यांच्या तोंडून ते बाहेर पडायची वाट बघत दीड वर्ष चटईवर बसले होते. ते आजही बोलणार नव्हते. अव्वाचे आरामाचे दिवस केव्हाच संपले होते, तरी ते तिच्यासाठी अजून गप्प होते. माझ्यासाठी बोलायचं काम माझंच होतं. हे कळल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला एकदम हलकं वाटलं.

मी उठले. नळावर जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, ओढणीला न पुसता तसेच वाळू दिले. मग पोत्यांच्या मधून चालत गेले. बायकांनी आपापल्या पराती जवळ ओढून घेतल्या. काही जणींनी फक्त बघितलं.

“गिरिजा,” काकू म्हणाली, “कुठं निघालीस?”

मी परातीच्या दुसऱ्या कडेला, चिनूच्या शेजारी बसले.

“गिरू, ऊठ,” अव्वा म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. तिला कधी चढवावा लागला नव्हता. “ऊठ म्हणते ना. लोकं बगून राहिलेत.”

लोक खरंच बघत होते. मामूंनी फावडं भिंतीला टेकवलं आणि पाठ फिरवून ते उगाचच लाकडं रचायला लागले. शेजारच्या बाईंचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं. मराठीत तो शब्द माझ्या तोंडून तोवर एकदाही बाहेर पडला नव्हता. मी अव्वाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर उठले असते. मी चिनूकडे बघितलं.

“चिनू,” मी म्हणाले, आणि आवाज सगळ्या अंगणात गेला, “मला कावळा-बिवळा काही शिवला नाही. मला पाळी आलीय. दर महिन्याला येते, मोठी झालीस की तुलाही येईल. आज पाळी आलेली असताना मी हे तूप फेसणार आहे, आणि तुला आली की तूही फेसायचं. ज्याला हे खायचं नाही त्याने खाऊ नये. अप्पा, सरका थोडं.”